पाळणाघराचा खर्च कुणाचा? गिरणगावापासून नेरूळपर्यंत

हिरकणीची गोष्ट आपण सगळ्यांनी शाळेत ऐकलेली आहे. रायगडावर दूध विकायला गेलेली गवळण, संध्याकाळी बंद झालेले दरवाजे, खाली घरात एकटं असलेलं तान्हं बाळ आणि अंधारात कडा उतरून गेलेली आई. ही आख्यायिका आहे, कागदोपत्री इतिहास नाही. पण तिचा शेवट बघा. महाराजांनी हिरकणीचा सन्मान केला आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. म्हणजे आईच्या धाडसाचं कौतुक झालं, तटबंदीतली त्रुटी भरून निघाली. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन ती पुन्हा गडावर आली तेव्हा बाळ कुणापाशी होतं, हे मात्र गोष्ट सांगत नाही.

आज एसटी स्टँडवर 'हिरकणी कक्ष' अशी पाटी दिसते. बाळाला अंगावर पाजण्यासाठी ती खोली आहे, आणि ती गरजेचीच आहे. पण त्या पाटीकडे बघून मला नेहमी वाटतं, की आपल्याकडे कामावर जाणाऱ्या आईसाठी वीस मिनिटांची सोय पटकन सुचते, आठ तासांची सुचत नाही. आणि चार तासांची तर कुणाच्या डोक्यातच नसते.

चार तासांचं यासाठी म्हणते, की मी अर्धवेळ काम करते. बेलापूरला एका हिशेबाच्या ऑफिसात सकाळी दहा ते दोन. घर नेरूळला, मुलगी अडीच वर्षांची, दोन्हीकडचे आजी-आजोबा गावाला. मुलगी सोसायटीतल्याच एका काकूंच्या पाळणाघरात असते. त्यांची फी दिली की माझ्या पगारातला मोठा तुकडा गेलेला असतो. माझी एक शाळूसोबतीण लंडनजवळ राहते, आता तिथलीच नागरिक आहे. तीही आठवड्यातले तीनच दिवस काम करते. तिने सहज सांगितलं, की पाळणाघराच्या खात्यात तिने ८ पौंड भरले की सरकार वरून २ पौंड घालतं, एका मुलामागे वर्षाला २,००० पौंडांपर्यंत. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी तिथे दुसरी योजना आहे, तिच्यात पाळणाघराच्या खर्चाचा ८५ टक्क्यांपर्यंतचा हिस्सा परत मिळतो, आणि आठवड्याला किमान अमुक तास काम केलंच पाहिजे अशी अट तिच्यात नाही. "तुमच्याकडे कुठला फॉर्म असतो?" तिने विचारलं.

आपल्याकडे तसा फॉर्म नाही. का नाही, ते शोधत मी मागे मागे गेले आणि शंभर वर्षं मागे, थेट गिरणगावात पोचले.

बाळगोळी

मुंबईतली पहिली कापड गिरणी १८५४ साली स्थापन झाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात गिरणी कामगारांमध्ये साधारण पाचवा हिस्सा बायकांचा होता. त्या मुख्यतः वाइंडिंग आणि रीलिंग खात्यांत असत, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या कामावर. बहुतेक घाटावरून आणि कोकणातून आलेल्या. चाळीतली दहा बाय दहाची खोली, नवरा गिरणीत, आपण गिरणीत आणि तान्हं मूल.

मुलाचं काय करायचं याचं उत्तर बाजारात तयार मिळत होतं. त्याचं नाव बाळगोळी. अफूची छोटी गोळी. सकाळी कामावर जाताना बाळाला चाटवली की ते दुपारपर्यंत गुंगीत पडून राहायचं. १९२० च्या सुमाराला मुंबई सरकारने गिरणीतल्या बायकांच्या बाळंतपणाची पाहणी करायला डॉ. बार्न्स या महिला डॉक्टरची नेमणूक केली. १९२२ मध्ये त्यांचं म्हणणं प्रसिद्ध झालं. गिरण्यांत काम करणाऱ्या बायकांच्या तान्ह्या मुलांपैकी ९८ टक्के मुलांना अफू दिली जात होती.

या आकड्यावर त्या काळात खूप लिहिलं-बोललं गेलं, आणि बराचसा सूर 'अडाणी आया' असा होता. माझ्या मते तो आकडा वेगळं सांगतो. शंभरातल्या अठ्ठ्याण्णव जणी एकच गोष्ट करत असतील तर तो अडाणीपणा नसतो, ती व्यवस्था असते. गिरणीचा भोंगा दहा-अकरा तासांचा होता. त्या तासांत मूल सांभाळण्याचा खर्च गिरणीच्या हिशेबात नव्हता, म्युनिसिपालिटीच्या नव्हता, सरकारच्या नव्हता. तो कुठेतरी पडणारच होता. तो बाळाच्या शरीरावर पडला.

१९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे ६६६ बालमृत्यू नोंदले गेले. हा आकडा थोडा सांभाळून वाचावा लागतो. अनेक बायका बाळंतपणाला गावी जात, जन्म तिकडे व्हायचा आणि मूल दगावायचं मुंबईत, त्यामुळे दर फुगलेला दिसतो. पण फुगवटा काढला तरी जे उरतं ते भयंकरच आहे.

काही गिरणीमालकांनी याच काळात आवारात पाळणाघरं उघडली. पांढऱ्या कपड्यातली दाई, ओळीने पाळणे, दूध. पण अशा गिरण्या थोड्या होत्या. शिवाय अनेक आया मूल तिथे ठेवायला बिचकत. अनोळखी बाई, अनोळखी जातीचं पाणी, साथीची भीती आणि वर मालकाची जागा. सोय दिली की लोक आपोआप वापरतात असं नसतं. त्या सोयीवर विश्वास बसावा लागतो, आणि तो बसायला वेळ आणि माणसं लागतात. पाळणाघर म्हणजे फक्त खोली नाही, हे मालकांच्या तेव्हा लक्षात आलं नाही आणि कायदे करणाऱ्यांच्या बराच काळ आलं नाही.

'हा बोजा कुणाचा?' मुंबई कायदेमंडळ, १९२८

खर्च कुणाचा हा प्रश्न महाराष्ट्रात पहिल्यांदा नीट विचारला गेला तो बाळंतपणाच्या निमित्ताने. मुंबई कायदेमंडळात आसवले यांनी गिरणीकामगार बायकांना प्रसूतीच्या काळात भत्ता मिळावा असं विधेयक मांडलं. मालकांचा विरोध ठरलेला होता. धंदा बुडेल, बायकांना कामावर ठेवणंच परवडणार नाही.

२८ जुलै १९२८ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर या विधेयकाच्या बाजूने बोलले. त्यांच्या भाषणाचा गाभा साधा आहे. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणं ही राष्ट्राच्या हिताची गोष्ट आहे. लोकांचं कल्याण हे मुळात सरकारचं काम, म्हणून हा बोजा मोठ्या प्रमाणात सरकारनेच उचलायला हवा, हे त्यांनी सरळ मान्य केलं. पण मालकाचीही सुटका केली नाही. मालक बायकांना कामावर ठेवतो कारण त्यात त्याला फायदा दिसतो, मग त्या फायद्यासोबत येणारी जबाबदारीही त्याने घ्यावी.

१९२९ मध्ये कायदा झाला. बाळंतपणाआधी तीन आठवडे आणि नंतर चार, असा सात आठवड्यांचा, मुंबई शहरात रोज आठ आण्यांचा भत्ता. पैसे मालकाने द्यायचे. आंबेडकरांच्या मांडणीचा दुसरा भाग कायद्यात उतरला, पहिला उतरला नाही. सरकारचा हिस्सा गळला.

हे गळणं मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण पुढची शंभर वर्षं आपण तेच गळतं भांडं वापरतो आहोत. सगळा खर्च मालकावर टाकला की मालक काय करतो? बाई कामावर ठेवायचं टाळतो. मुंबईच्या गिरण्यांत नेमकं हेच दिसलं. यंत्रं बदलली, पाळ्या वाढल्या, बायकांना रात्रपाळीला बंदी होती, भत्त्याचा खर्च होता. यातल्या कुठल्या एका कारणाने झालं असं म्हणता येणार नाही, पण तिसऱ्या दशकानंतर गिरण्यांतल्या बायकांचं प्रमाण उतरत गेलं. त्या घरी बसल्या नाहीत. त्यांनी खानावळी चालवल्या, विड्या वळल्या, भाजी विकली. म्हणजे अशी कामं पकडली जिथे मूल मांडीवर ठेवता येतं आणि कुठलाही कायदा पोचत नाही. अर्धवेळ कामाचा आपल्याकडचा इतिहास ऑफिसांपासून नाही, या खानावळींपासून सुरू होतो.

बाळंतपणाच्या भत्त्यापुरतं भांडं पुढे थोडंफार बुजवलं गेलं. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याने म्हणजे ईएसआयने एक शहाणपणाची गोष्ट केली. सगळ्या कामगारांकडून, बाप्ये असोत वा बायका, आणि सगळ्या मालकांकडून थोडी थोडी वर्गणी घ्यायची आणि त्या सामाईक पेटीतून बाळंतपणाचा भत्ता द्यायचा. मग एका मालकाने बाई ठेवली म्हणून त्याच्या एकट्याच्या खिशाला भोक पडत नाही. पाळणाघराच्या खर्चासाठी अशी सामाईक पेटी मात्र कधी झाली नाही. तो मालकाच्या एकट्याच्या गळ्यातच राहिला.

तिसावी बाई

१९४८ च्या कारखाने कायद्यात पाळणाघराची सक्ती आली. ५० पेक्षा जास्त बायका कामावर असतील तर सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली हवी. १९७६ साली ही मर्यादा ३० वर आली. मळ्यांच्या, विडी कामगारांच्या, बांधकाम मजुरांच्या कायद्यांतही अशीच मोजणी आली. बांधकामासाठीच्या १९९६ च्या कायद्यात ५० पेक्षा जास्त बायकांची.

हेतू चांगलाच होता. पण गणित करून बघा. तीस बायकांपर्यंत पाळणाघर लागत नाही, एकतीसावी आली की लागतं. म्हणजे त्या एकतीसाव्या बाईची किंमत तिच्या पगाराएवढी नाही, पगार अधिक एक खोली, दोन आया, दूध, खेळणी आणि तपासनीस एवढी. तिसाव्या बाईवर थांबणं हा मालकासाठी सोपा हिशेब झाला. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एमआयडीसीत ज्यांनी कामं केली आहेत त्या बायकांशी बोला. कंत्राटदार बदलून, पटावरची नावं वाटून संख्या कशी 'बसवतात' हे त्यांना पाठ असतं.

२०१७ मध्ये मातृत्व लाभ कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत पाळणाघर आवश्यक झालं. इथे एक शब्द बदलला आणि तो बारकाईने वाचण्यासारखा आहे: ५० बायका नाही, ५० कर्मचारी. म्हणजे सगळे पुरुष धरून. त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यातही ५० कामगारांची हीच मोजणी आहे. आता बाई कमी ठेवून सुटका नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद पुढे चालू आहे. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन येता येईल, हेही त्यात आहे.

यात कुठेही 'पूर्णवेळ' असा शब्द नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यांत तात्पुरते, रोजंदारीवरचे, कंत्राटी असे सगळे कर्मचारी धरले आहेत. म्हणजे चार तास काम करणारी बाईही मोजणीत येते आणि लाभातही येते. कागदावर तरी.

पण कायदा एका गोष्टीवर गप्प आहे. फी कुणी भरायची? सोय असली पाहिजे, एवढंच तो म्हणतो. ती फुकट हवी की निम्म्या दरात, हे सांगत नाही. आणि माझ्यासारखीचं ऑफिस अकरा माणसांचं असतं. तिथे ५० चा आकडा येण्याचा प्रश्नच नाही. वाशी-बेलापूरमधली किती दुकानं, दवाखाने, क्लासेस, सीएंची ऑफिसं अशीच दहा-पंधरा माणसांची आहेत ते बघा. अर्धवेळ नोकऱ्या बहुतेक तिथेच मिळतात.

दुष्काळ आला की पाळणा येतो

सरकारने स्वतः पाळणाघरं कधी चालवली? जगभर याचं उत्तर साधारण एकच आहे: बायकांच्या श्रमाची निकड झाली तेव्हा. आधुनिक पाळणाघर १८४४ मध्ये पॅरिसला फिरमँ मार्बो याने सुरू केलं. त्याला दिलेला 'क्रेश' हा शब्द म्हणजे गव्हाण, येशूला जन्मल्यावर जिथे ठेवलं ती. ते धर्मादाय होतं. सरकारी पैसा मोठ्या प्रमाणावर आला तो दुसऱ्या महायुद्धात, पुरुष आघाडीवर गेले आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका लागल्या तेव्हा. १९४४ पर्यंत ब्रिटनमध्ये अशी दीड हजारांवर केंद्रं होती. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि बरीच बंद झाली.

आपलं महायुद्ध म्हणजे १९७२ चा दुष्काळ. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना तेव्हा राज्यभर पसरली. लाखो बायका खडी फोडायला, पाझर तलाव खणायला उन्हात उतरल्या. १९७७ मध्ये कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला, आणि कामाच्या जागी पिण्याचं पाणी, सावली आणि मुलं सांभाळायची सोय असावी हे त्या योजनेत होतं. हे बंधन किती पाळलं गेलं ते आपल्या आजीला विचारा. तीन काठ्यांना लुगड्याची झोळी आणि शेजारी सात वर्षांची बहीण, हेच बहुतेक ठिकाणचं पाळणाघर होतं. तरीही तो विचार वाया गेला नाही. २००५ च्या राष्ट्रीय रोजगार हमी कायद्यात सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं कामावर आली तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची, असं आलं. मुलं सांभाळणं हेही काम आहे आणि त्याची मजुरी असते, हे भारतीय कायद्याने इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच म्हटलं आहे.

ती सात वर्षांची बहीण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी फार आधी पाहिली होती. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचं काम सुरू केलं. तिथे आणि पुढे कोसबाडला त्यांच्या ध्यानात आलं, की मुली शाळेत येत नाहीत कारण काखेत धाकटं भावंडं असतं. मग त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली आणि तिला विकासवाडी म्हटलं. धाकटं पाळण्यात, मधलं बालवाडीत, थोरली वर्गात आणि आई शेतावर. एका पाळण्याने तिघांची सोय झाली. वस्तीत जाऊन अंगणात भरवलेली त्यांची बालवाडी म्हणजेच अंगणवाडी.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द सरकारी झाला. विकासवाडीचा पाळणा मात्र त्यात आला नाही. अंगणवाडी मुलाचं वजन करते, लस देते, खाऊ देते, तीन ते सहा वयाच्या मुलांना काही तास शिकवते. ती मुलासाठी आहे, आणि उत्तमच आहे. पण ती आईच्या कामाच्या तासांना धरून कधी आखलीच गेली नाही.

अर्धवेळ म्हणजे कोण?

कामावर जाणाऱ्या आयांसाठी केंद्राची वेगळी योजना त्याच १९७५ पासून होती. स्वयंसेवी संस्थांना अनुदान द्यायचं आणि त्यांनी पाळणाघर चालवायचं. २००६ मध्ये तिचं नाव राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झालं. २५ मुलांच्या पाळणाघराला महिन्याला ३,५३२ रुपये. त्यात दोन बायकांचं मानधन आलं, पौष्टिक आहार आला, औषधं आली. नेरूळमध्ये आज एका मुलाच्या पूर्ण दिवसाच्या फीलाही ही रक्कम पुरायची नाही.

पण या योजनेतली एक ओळ वाचून मी थबकले. लाभार्थी आई कोण? जी महिन्यात किमान १५ दिवस किंवा वर्षात सहा महिने कामावर असते ती. म्हणजे अर्धवेळ! शेतमजूर, बांधकामावरची बाई, हंगामी कामगार डोळ्यासमोर ठेवून कुणीतरी ही ओळ विचारपूर्वक लिहिली होती. महिन्याची फी दारिद्र्यरेषेखालच्या घराला २० रुपये. फॉर्म नव्हता असं मी वर म्हटलं, पण दार होतं.

ते दार हळूहळू लोटलं गेलं. २०१७ मध्ये राष्ट्रीय पाळणाघर योजना म्हणून तिची फेरआखणी झाली. आधी ९० टक्के खर्च केंद्र देत असे. आता केंद्र ६०, राज्य ३० आणि संस्था १० टक्के. राज्यांचे हप्ते लांबले, संस्था थकल्या. एकेकाळी २० हजारांहून जास्त असलेली पाळणाघरं २०२० पर्यंत साडेसहा हजारांच्या आसपास उरली. २०२२ पासून ही योजना 'पाळणा' या नावाने आली आहे. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचं, साडेसात तास, महिन्याला २६ दिवस, आणि आई नोकरी करते की नाही हे न विचारता मूल घ्यायचं. अशा १७ हजार केंद्रांचं उद्दिष्ट आहे. तारा आणि अनुताईंच्या विकासवाडीला सरकारी व्हायला सत्तरेक वर्षं लागली म्हणायची. कर्नाटकाने २०२३ मध्ये ग्रामपंचायतींत 'कूसिन मने' नावाची ४,००० पाळणाघरं जाहीर केली, ती याच वाटेवरची.

आता शहरातल्या मध्यमवर्गाचं. आयकरात पाळणाघराच्या पावतीला जागा नाही. गंमत म्हणजे प्लेग्रुपच्या ट्यूशन फीला आहे. जुन्या करपद्धतीत, ८०सीच्या दीड लाखांच्या टोपलीत. आमच्या ऑफिसात दर मार्चला कुणी ना कुणी आई पाळणाघराची पावती घेऊन येते आणि मला ती परत करावी लागते. मूल 'शिकत' असेल तर सरकार त्याला खर्च मानतं. मूल नुसतं सुरक्षित असेल आणि आई त्या वेळात काम करून कर भरत असेल, तर मानत नाही. राज्य सरकारच्या नोकरीत असाल तर २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजा आहे. म्हणजे तिथेही उत्तर 'घरी थांबा' हेच आहे.

आणि ज्यांच्यामुळे आमचं अर्धवेळ काम जमतं त्यांचं काय? माझ्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी चार घरं करतात. प्रत्येक घरात दीड तास. प्रत्येक घर म्हणतं, त्या अर्धवेळ आहेत. चार अर्धवेळ मिळून त्यांचा दिवस सकाळी सातला सुरू होऊन दुपारी तीनला संपतो. पन्नास कर्मचाऱ्यांच्या कायद्यात त्या कुठेच नाहीत, कारण आम्ही चौघी मिळून 'आस्थापना' होत नाही. २००८ मध्ये महाराष्ट्राने घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, त्याच्या लाभांत पाळणाघर आलं नाही. त्यांचा धाकटा तुर्भ्याला थोरलीपाशी असतो. थोरली सातवीत आहे, आणि तिच्या शाळेच्या गैरहजेऱ्या मावशी मला बोटांवर मोजून सांगतात.

'अर्धवेळ' या शब्दाची आणखी एक कथा आहे. अंगणवाडी सेविका वर्षानुवर्षं पगार नाही, मानधन घेतात, कारण सरकारच्या लेखी ते मानसेवी, थोड्या तासांचं काम. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात त्यांना ग्रॅच्युइटी लागू होते असा निकाल दिला आणि हे काम अर्धवेळ आहे हा दावा स्वीकारला नाही. त्यांच्या अंगावर टाकलेल्या कामांची यादी बघून दुसरं काही म्हणणं शक्यच नव्हतं. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस बेमुदत संपावर गेल्या. आमच्या भागातल्या अंगणवाडीला महिनाभराहून जास्त कुलूप होतं. त्या कुलपाने जे दाखवलं ते कुठल्या अहवालाने दाखवलं नसतं: कुलूप अंगणवाडीला, पण घरी बसल्या कामवाल्या बायका.

मग मागायचं काय?

या सगळ्या इतिहासातून मला एकच सूत्र हाती लागलं. आपण मोजतो ते नेहमी छपराखालच्या डोक्यांना. ३० बायका, ५० कर्मचारी, २५ मुलं. हक्क इमारतीला मिळतो, आईला नाही. म्हणून जिची नोकरी लहान, तुटक किंवा चार घरांत विखुरलेली, तिच्या वाट्याला तो येत नाही. ब्रिटनमध्ये माझ्या मैत्रिणीला जे मिळतं ते तिचं आणि तिच्या मुलाचं आहे. तिची कंपनी लहान की मोठी याचा त्याच्याशी संबंध नाही. तिथेही पाळणाघरं महाग आहेत, नियम किचकट आहेत, ती त्याबद्दल तासभर बोलू शकते. पण तिच्याकडे भरायला फॉर्म आहे.

आपल्याकडे उद्या लगेच तसं होणार नाही. तरी आज हातात काय आहे ते माहीत असू द्या. तुमचं ऑफिस ५० चं असेल तर पाळणाघर हा उपकार नाही, तुम्ही कंत्राटी असा किंवा अर्धवेळ. २०१७ च्या दुरुस्तीनुसार हे सगळे लाभ नेमणुकीच्या वेळी लेखी कळवणंही बंधनकारक केलं होतं, तेव्हा नेमणूकपत्रात ते शोधा आणि नसतील तर एचआरला ईमेलवर विचारा, तोंडी नको. महाराष्ट्राच्या कायद्यात शेजारच्या आस्थापनांनी मिळून सामाईक पाळणाघर चालवायची सोय आहे. ऐरोलीच्या आयटी पार्कात किंवा बेलापूरच्या एकेका टॉवरमध्ये किती कंपन्या आहेत ते लिफ्टशेजारच्या पाटीवर मोजता येतं. आणि महानगरपालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारा, आमच्या सेक्टरच्या अंगणवाडीला 'पाळणा' कधी जोडणार? हा प्रश्न माझ्यापेक्षा मावशींच्या जास्त कामाचा आहे, आणि म्हणून तो आम्ही दोघींनी मिळून विचारायला हवा.

१९२८ मध्ये आंबेडकरांनी कायदेमंडळात जी विभागणी सांगितली, सरकारचा हिस्सा मोठा आणि मालकाचाही काही, ती अजून अंमलात यायची आहे. तोवर हा खर्च जातोच आहे, फक्त कुठल्या बजेटात दिसत नाही. तो नेरूळमध्ये अर्ध्या पगाराच्या रूपाने जातो. तुर्भ्यात तो सातवीतल्या मुलीच्या हजेरीपटावर लाल शाईने लिहिला जातो.